बंदूक कोणाच्या हाती?

मे १७९२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने मिलिशियाचा, म्हणजे सामान्य नागरिकांच्या फौजेचा, कायदा मंजूर केला. अठरा ते पंचेचाळीस या वयाच्या प्रत्येक धडधाकट, स्वतंत्र, गोऱ्या पुरुष नागरिकाने मिलिशियात नाव नोंदवावे आणि सहा महिन्यांच्या आत काही सामान पदरचे पैसे खर्चून आणावे, असे त्यात फर्मावले होते. सामानाची यादीही कायद्यातच होती: एक चांगली ठासणीची बंदूक, तिची संगीन आणि पट्टा, चकमकीचे दोन जादा दगड, पाठीवरची पिशवी आणि चोवीस काडतुसे मावतील असा बटवा. कवायतीचा किंवा मोहिमेचा हुकूम आला की हे सगळे अंगावर चढवून हजर व्हायचे. मराठेशाहीतल्या शिलेदाराची आठवण व्हावी असा हा प्रकार. फरक इतकाच की शिलेदार आपल्या मर्जीने घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई, इथे मर्जीला जागा नव्हती.

या कायद्याच्या जेमतेम पाच महिने आधी, १५ डिसेंबर १७९१ रोजी, अमेरिकेच्या राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती अमलात आली होती. मूळ इंग्रजीत ती अवघ्या २७ शब्दांची आहे. तिचा आशय असा: सुव्यवस्थित मिलिशिया ही स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्यामुळे, शस्त्रे बाळगण्याच्या आणि धारण करण्याच्या जनतेच्या हक्काचा भंग होता कामा नये.

आज या वाक्यावरून अमेरिकेत निवडणुका लढवल्या जातात आणि शाळेत गोळीबार झाला की त्याच वाक्यावर येऊन चर्चा थांबते. एका बाजूच्या मते ते प्रत्येक नागरिकाच्या बंदुकीचे संरक्षण करते, दुसऱ्या बाजूच्या मते त्याचा संबंध फक्त मिलिशियाशी आहे. दोन्ही बाजू घटनाकारांनाच साक्षीला बोलावतात. पण ती दुरुस्ती आणि १७९२ चा तो कायदा एकाच पिढीने लिहिले आहेत, आणि ते शेजारी शेजारी ठेवून वाचले तर दोन्ही बाजूंची थोडी पंचाईत होते. ज्या बंदुकीवर सरकारने हात टाकायचा नाही, तीच विकत घ्यायला सरकार भाग पाडू शकत होते, ती घेऊन नागरिकाला रणांगणावर नेऊ शकत होते. तो हक्क होता आणि ती सक्तीची सेवाही होती. या दोहोंची फारकत कशी झाली, हीच या प्रकरणाची गोष्ट आहे.

दारूची कोठारे

सप्टेंबर १७७४ च्या पहिल्या तारखेला, भल्या पहाटे, बोस्टनचा ब्रिटिश सेनापती थॉमस गेज याने शहराबाहेरच्या दारूकोठारातली बंदुकीची दारू गुपचूप उचलून नेली. बातमी पसरत गेली तशी वाढत गेली. लढाई जुंपली, माणसे मेली, अशा अफवा उठल्या आणि आसपासच्या गावांतून हजारो माणसे बंदुका घेऊन बोस्टनच्या दिशेने निघाली. त्या दिवशी लढाई झाली नाही. सात महिन्यांनी, १९ एप्रिल १७७५ रोजी, गेजने पुन्हा सैन्य पाठवले, या वेळी कॉन्कॉर्ड गावातला शस्त्रसाठा हस्तगत करायला. वाटेत लेक्सिंग्टनच्या मैदानावर गोळी सुटली आणि अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले. त्याच आठवड्यात व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने विल्यम्सबर्गच्या कोठारातली दारू रातोरात जहाजावर हलवली. इकडे मिलिशियाच्या वेढ्यात सापडलेल्या बोस्टनच्या रहिवाशांना गेजने सांगितले की हत्यारे जमा करा, मग शहराबाहेर जाऊ देतो. लोकांनी बंदुका जमा केल्या. बाहेर जाण्याची परवानगी मात्र पुढे अडवून धरली गेली.

या पिढीने अनुभवातून एक गोष्ट गाठीशी बांधली: जुलमी सत्ता आधी शस्त्रांवर हात टाकते. मात्र या घटनांत एक बारकावा आहे. गेज आणि डनमोर ज्या साठ्यांच्या मागे लागले होते ते मुख्यतः सार्वजनिक होते. ती गावाची, वसाहतीची, मिलिशियाची दारू होती. घरातल्या भिंतीवरची बंदूक आणि गावाच्या कोठारातली दारू या दोन्ही मिळून संरक्षणाची एकच व्यवस्था बनत असे. बंदूक व्यक्तीची की समूहाची, हा आजचा वाद त्या माणसांना चमत्कारिक वाटला असता.

दुसरी भीती त्याहून जुनी होती. इंग्लंडचा कॅथलिक राजा दुसरा जेम्स याने खडी फौज उभी केली आणि प्रॉटेस्टंट प्रजेला निःशस्त्र केले, असा आरोप ठेवून १६८९ च्या इंग्लिश हक्कनाम्यात एक कलम घातले गेले: प्रॉटेस्टंट प्रजाजनांना आपापल्या स्थितीला साजेशी आणि कायद्याने मुभा दिलेली शस्त्रे बाळगता येतील. हक्क इथेही आहे, पण धर्म, ऐपत आणि कायदा अशा तीन कुंपणांच्या आत. अमेरिकेतले वसाहतवाले स्वतःला याच परंपरेचे वारस समजत. पगारी सैनिक राजाचा असतो, शेतकरी सैनिक आपल्या गावाचा असतो, ही त्यांची धारणा होती. ५ मार्च १७७० रोजी बोस्टनच्या रस्त्यावर ब्रिटिश शिपायांनी गोळ्या झाडून पाच जणांना मारले, तेव्हा ती अधिकच पक्की झाली.

सैन्य हवे, पण भीतीही हवी

स्वातंत्र्ययुद्ध लढलेल्या सेनापतीचे मत मात्र वेगळे होते. जॉर्ज वॉशिंग्टनने १७७६ च्या सप्टेंबरात काँग्रेसला कळवले होते की मिलिशियावर विसंबणे म्हणजे मोडक्या काठीवर भार टाकणे आहे. ही माणसे सुगीच्या दिवसांत घरी पळत, शिस्तीला जुमानत नसत. मग १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधले कर्जबाजारी शेतकरी डॅनियल शेज याच्या पुढारीपणाखाली उठले. जानेवारी १७८७ मध्ये त्यांनी स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चाल केली आणि तेव्हाचे दुबळे केंद्र सरकार नुसते बघत राहिले. त्याच वर्षी मे महिन्यात फिलाडेल्फियात घटनापरिषद भरली.

परिषदेने तडजोड काढली. काँग्रेसला सैन्य उभारता येईल, पण सैन्यावरच्या खर्चाला एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीची मंजुरी देता येणार नाही. मिलिशियाची रचना, शस्त्रे आणि शिस्त यांचे नियम काँग्रेस करील. अधिकारी नेमणे आणि कवायत घेणे राज्यांकडे राहील. मिलिशियाला बोलावण्याची तीन कारणे घटनेत लिहिली आहेत: संघराज्याचे कायदे अमलात आणणे, बंड मोडणे आणि आक्रमण परतवणे. सरकारविरुद्ध उठण्यासाठीच दुसरी दुरुस्ती आहे असे आज जे म्हणतात त्यांना यातले मधले कारण अडचणीचे जाते.

व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसनने या घटनेवर सही करायला नकार दिला. जून १७८८ मध्ये व्हर्जिनियाच्या मान्यता परिषदेत त्याने आणि पॅट्रिक हेन्रीने हल्ला चढवला. मिलिशियाला शस्त्रे पुरवण्याचा अधिकार केंद्राकडे गेला आणि केंद्राने मुद्दाम दुर्लक्ष केले, तर राज्ये न लढताच निःशस्त्र होतील, असा त्यांचा मुद्दा होता. हेन्रीने आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो विसरून चालणार नाही: गुलामांनी उठाव केला तर तो मोडायला राज्याला आपली मिलिशिया बोलावता येईल का? दक्षिणेत मिलिशियाचे एक रोजचे काम गुलामांवर पहारा ठेवण्याचे होते. कार्ल बोगस या कायद्याच्या अभ्यासकाने १९९८ मध्ये मांडले की दुसऱ्या दुरुस्तीमागचे दडलेले कारण हेच आहे. इतरांना ते पटत नाही, कारण गुलामगिरी मावळत चाललेल्या उत्तरेकडच्या राज्यांनीही असाच हक्क मागितला होता. एवढे मात्र खरे की ‘मिलिशिया’ या एकाच शब्दाकडे दोन राज्ये दोन वेगळ्या भीतींनी पाहत होती.

हेन्रीच्या समोर बसलेला जेम्स मॅडिसन या भीतीला आकड्यांनी उत्तर देऊन चुकला होता. घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतल्या ४६ व्या लेखात त्याने हिशेब मांडला की देशाला परवडणारी मोठ्यात मोठी फौज पंचवीस ते तीस हजारांची असेल आणि तिच्यासमोर जवळजवळ पाच लाख सशस्त्र नागरिकांची मिलिशिया उभी राहील. म्हणजे सशस्त्र जनता हा सत्तेवरचा अंकुश, हे मॅडिसनलाही मान्य होते. पण त्याच्या चित्रातले हे पाच लाख नागरिक सुटे सुटे नव्हते. राज्य सरकारांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली ते लढणार होते.

व्हर्जिनियाने ८९ विरुद्ध ७९ मतांनी घटना स्वीकारली, सोबत दुरुस्त्यांची मागणीही जोडली. पुढच्या वर्षी ती पुरी करण्याचे काम मॅडिसननेच अंगावर घेतले.

मसुद्यातून काय गाळले

८ जून १७८९ रोजी मॅडिसनने मांडलेल्या मसुद्यात जनतेचा शस्त्रांचा हक्क आधी होता, मिलिशियाचा उल्लेख नंतर, आणि शेवटी आणखी एक वाक्य होते: धार्मिक कारणाने शस्त्र धरणे ज्यांना मान्य नाही त्यांच्यावर लष्करी सेवेची सक्ती होणार नाही. हे क्वेकरांसारख्या अहिंसक पंथांसाठी होते. ऑगस्टमध्ये प्रतिनिधिगृहात एल्ब्रिज गेरीने या सवलतीवर आक्षेप घेतला. उद्या सरकार म्हणेल की अमक्यांचा धर्म आड येतो, म्हणून त्यांनी शस्त्र धरूच नये. अशा रीतीने मिलिशिया मोडली की खडी फौज आलीच. क्रम प्रतिनिधिगृहाच्या समितीनेच उलटा केला होता; सीनेटने पुढे हे वाक्य काढून टाकले आणि ‘सामाईक संरक्षणासाठी’ असे शब्द घालण्याची सूचना फेटाळली. सीनेटचे काम तेव्हा बंद दाराआड चाले, त्यामुळे कारणांची नोंदच नाही.

वकिलांच्या पिढ्या या रिकाम्या जागेवर जगल्या आहेत. ‘सामाईक संरक्षणासाठी’ हे शब्द नाकारले, म्हणजे हक्क लष्करापुरता नव्हता, असे एक बाजू म्हणते. मूळ मसुद्यात शस्त्र धरण्याची सूट म्हणजे लष्करी सेवेतली सूट होती, म्हणजे हक्कही लष्करीच, असे दुसरी म्हणते.

वैयक्तिक संरक्षणाचा विचार त्या काळात कोणाच्या मनात नव्हता असे मात्र नाही. पेन्सिल्व्हेनियाच्या १७७६ च्या राज्यघटनेत स्वतःच्या आणि राज्याच्या रक्षणासाठी शस्त्रे धरण्याचा हक्क होता. तिथल्याच मान्यता परिषदेतल्या अल्पमतवाल्यांनी डिसेंबर १७८७ मध्ये स्वसंरक्षण आणि शिकार ही दोन्ही कारणे नावानिशी मागितली होती. शब्दांत मांडलेले हे पर्याय मॅडिसनपुढे होते. त्याने ते उचलले नाहीत. नाकारले म्हणून उचलले नाहीत, की सांगायची गरजच वाटली नाही म्हणून? घरात शिरलेल्या चोरावर बंदूक रोखण्याचा अधिकार इंग्रजी परंपरेतल्या कायद्यात आधीपासून होता आणि तो कोणी हिरावून घेईल अशी धास्ती त्या चर्चेत दिसत नाही. त्या सभागृहांतला झगडा लष्करी बळ केंद्राकडे असावे की राज्यांकडे, यावरचा होता.

नियम तेव्हाही होते

बंदुकीवरचे नियम म्हणजे विसाव्या शतकातले खूळ, हा समजही टिकत नाही. बोस्टनमध्ये १७८३ पासून भरलेली बंदूक घरात ठेवायला बंदी होती. आग लागली तर विझवायला येणाऱ्यांच्या जिवावर बेतेल, हे कारण होते. बंदुकीची दारू किती आणि कशी साठवायची याचे नियम अनेक शहरांत होते. मिलिशियाच्या हजेरीत हत्यारांची तपासणी होई आणि नोंदही राहत असे.

पण या नियमांची दुसरी बाजू आजच्या नियमनवाद्यांना आवडणारी नाही. पेन्सिल्व्हेनियाने १७७७ मध्ये नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ न घेणाऱ्यांची शस्त्रे काढून घेण्याचा कायदा केला. गुलामांना बंदूक वर्ज्य होती, अनेक ठिकाणी स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही. मूळ रहिवासी जमातींना शस्त्रे विकू नयेत असे कायदे वसाहतकाळापासून चालत आले होते. घटनाकारांच्या पिढीला ‘जनता’ म्हणताना कोण दिसत होते, हे यातून कळते. विश्वासू माणसाच्या हाती बंदूक हवी आणि अविश्वासूच्या हाती नको, यावर त्यांचे एकमत होते. विश्वासू कोण हे मात्र त्यांनी वंश, धर्म आणि निष्ठा यांवरून ठरवले.

जुलमाविरुद्ध उठण्याच्या हक्काची कसोटीही लगेच लागली. व्हिस्कीवरच्या कराविरुद्ध पश्चिम पेन्सिल्व्हेनियातले शेतकरी १७९४ मध्ये हत्यारे घेऊन उठले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन स्वतः घोड्यावर बसून सुमारे तेरा हजारांच्या मिलिशियासह निघाला. ज्या मिलिशियाची त्याने मोडकी काठी म्हणून संभावना केली होती, तीच त्याने बंडावर उगारली. उलट शेजच्या बंडाच्या वेळी पॅरिसमध्ये असलेल्या थॉमस जेफरसनला अधूनमधून होणारे बंड प्रकृतीला हितकारक वाटले होते. घटनाकारांचा हेतू काय, असे एकवचनी विचारले की यांतला कोणता तरी एकच पुढे येतो.

मिलिशिया गेली, बंदूक राहिली

१७९२ च्या यादीतले सामान पुष्कळांनी कधी घेतलेच नाही. हजेरीचे दिवस जत्रेसारखे झाले, मग तेही ओसरले. १८३३ मध्ये न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी घटनेवरच्या भाष्यात खंत केली की लोकांना मिलिशियाच्या शिस्तीचा कंटाळा आला आहे आणि शिस्त गेली तर या दुरुस्तीचा अर्थही जाईल. १९०३ च्या कायद्याने राज्यांच्या मिलिशियांना आजच्या नॅशनल गार्डचे रूप येऊ लागले. तिची शस्त्रे सरकारची असतात.

दरम्यान, एकोणिसाव्या शतकातच बंदूक बदलली होती. सॅम्युअल कोल्टला १८३६ मध्ये रिव्हॉल्व्हरचे अमेरिकी पेटंट मिळाले. ठासणीच्या बंदुकीला एक बार भरायला लागणाऱ्या वेळात यातून अनेक गोळ्या सुटत, आणि हे हत्यार खिशात मावत असे. लपवून हत्यार बाळगण्यावर केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच बंदी घातली होती. इतरांनी तोच मार्ग धरला.

यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना मिसिसिपीने १८६५ च्या कायद्याने परवान्याशिवाय बंदूक ठेवायला मनाई केली. रात्री दारावर येणाऱ्या टोळीपुढे निःशस्त्र राहणे म्हणजे काय, हे त्यांना पुरते माहीत होते, आणि घरातली बंदूक हा नागरिकत्वाचाच भाग आहे ही जाणीव १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीमागे होती. पण १८७३ मध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स इथे गोऱ्या टोळीने कृष्णवर्णीयांची कत्तल केली, आणि त्या खटल्यात १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दुसरी दुरुस्ती फक्त काँग्रेसला बांधते. तिचा या लोकांना काही उपयोग झाला नाही.

विसाव्या शतकात वादाची आजची मांडणी तयार झाली. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनंतर १९३४ मध्ये मशीनगन आणि नळी कापलेल्या शॉटगनवर दोनशे डॉलरचा कर बसला. १९३९ च्या मिलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला: अशी शॉटगन मिलिशियाच्या कामी येते असे दाखवलेले नाही, म्हणून तिला संरक्षण नाही. या खटल्यात आरोपीच्या बाजूने न्यायालयात कोणी उभेच राहिले नव्हते. तरी पुढची सुमारे सत्तर वर्षे हाच निवाडा प्रमाण राहिला.

नॅशनल रायफल असोसिएशनचा प्रवास यापेक्षा उद्बोधक आहे. यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांची नेमबाजी पाहून हताश झालेल्या अधिकाऱ्यांनी १८७१ मध्ये ती स्थापन केली. अनेक दशके तिचे मुख्य काम नेम धरायला शिकवण्याचे होते. १९६७ च्या मे महिन्यात कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले, तेव्हा भरलेली बंदूक उघड घेऊन फिरण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली ती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. केनेडी बंधू आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांनंतर १९६८ चा केंद्रीय कायदा आला. त्याची प्रतिक्रिया म्हणून १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत कडव्या सभासदांनी संघटना ताब्यात घेतली. तिथून पुढे तिचा जोर नेमबाजीवरून हक्कावर गेला. १९८० मध्ये तिने राष्ट्राध्यक्षपदासाठी पहिल्यांदा एका उमेदवाराला पाठिंबा जाहीर केला. तो उमेदवार रेगनच होते.

न्यायमूर्ती इतिहास वाचतात

२००८ मध्ये डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर हा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. डिक हेलर वॉशिंग्टनमध्ये सरकारी इमारतीवर सशस्त्र पहारा देत असे, पण १९७६ च्या शहरी कायद्यामुळे त्याला घरी पिस्तूल ठेवता येत नव्हते. २६ जून रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी तो कायदा रद्द झाला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया म्हणाले की वाक्याचा पहिला भाग प्रस्तावना आहे, तो प्रयोजन सांगतो. हक्क दुसऱ्या भागात आहे आणि तो व्यक्तीचा आहे. विरोधी मत देणारे जॉन पॉल स्टीव्हन्स यांच्या मते पहिला भाग काढला तर दुसऱ्याचा अर्थच बदलतो. एकाच दुरुस्तीवर शंभराहून अधिक पाने लिहिली गेली, दोन्हीकडे तळटिपांत मॅडिसन, मेसन आणि इंग्लिश हक्कनामा.

स्कालियांच्या निकालातला एक पेच त्यांनी स्वतःच मान्य केला आहे. प्रयोजन मिलिशियाचे असेल तर आजच्या मिलिशियाला लागेल ते हत्यार, म्हणजे लष्करी एम-१६, सर्वांत आधी संरक्षित व्हायला हवे. पण त्यांच्या मते तशा हत्यारांवर बंदी घालता येते आणि लोक स्वसंरक्षणासाठी सर्रास वापरतात त्या पिस्तुलावर घालता येत नाही. आधुनिक बदलांमुळे प्रयोजन आणि हक्क यांचा सांधा सैल झाला असला तरी हक्काचा अर्थ बदलत नाही, असे त्यांचे उत्तर होते. ते पटो न पटो, मिलरने लावलेली कसोटी इथे पुरती उलटली.

हेलरने बरेच मोकळेही ठेवले होते. गुन्हेगारांना बंदी, शाळांत आणि सरकारी इमारतींत बंदी, विक्रीवर अटी, हे सगळे चालेल असे त्यात म्हटले होते. २०१० मध्ये शिकागोच्या ओटिस मॅकडोनाल्ड या वयोवृद्ध कृष्णवर्णीय नागरिकाच्या खटल्यात हाच हक्क राज्यांनाही लागू झाला. न्यायालयाने तेव्हा यादवी युद्धानंतर निःशस्त्र केल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा आधार घेतला.

मोठे वळण आले २३ जून २०२२ रोजी. न्यूयॉर्कमध्ये घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा परवाना हवा तर खास कारण दाखवावे लागे. शंभरहून अधिक वर्षे जुना हा नियम ब्रुएन खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द झाला. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी नवी कसोटी घालून दिली: सार्वजनिक सुरक्षेसाठी कायदा किती उपयोगी आहे हे पाहायचे नाही, तो देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो का हे सरकारने दाखवायचे. देशभरातले सरकारी वकील अठराव्या शतकातल्या कायद्यांची पोथी उघडून बसले. कौटुंबिक हिंसाचारामुळे न्यायालयाने मनाई आदेश दिलेल्या माणसाकडून बंदूक काढून घेण्याचा केंद्रीय कायदा एका अपील न्यायालयाने २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला, कारण तसा कायदा त्या काळी सापडत नव्हता. सापडणार कसा? नवऱ्याची मारहाण हा त्या काळी घरचा मामला समजला जाई आणि बायकोला मतही नव्हते.

२१ जून २०२४ रोजी रहिमी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने तो कायदा वाचवला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिले की हुबेहूब जुना कायदा असायलाच हवा असे नाही, तत्त्व जुळले पाहिजे. धोकादायक माणसाकडून जामीन घेणारे आणि शस्त्र घेऊन दहशत माजवणाऱ्याला शिक्षा करणारे जुने कायदे त्यांना पुरेसे वाटले. एकटे थॉमस विरोधात राहिले.

भारतीय घटनाकारांना विचारलेला प्रश्न

शस्त्रांच्या हक्काचा हाच प्रश्न आपल्या संविधान सभेपुढेही आला होता. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क होता. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याचा सल त्यामागे होता. त्या आधारावर डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. सराईत गुन्हेगारांनाही हा हक्क द्यायचा का, असे त्यांनी विचारले, आणि प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते हत्यार बिनदिक्कत विकत घेता आले तर राज्याने कारभार कसा हाकायचा, हेही. सूचना फेटाळली गेली, आणि घटनेच्या १९ व्या कलमात नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क मिळाला. आंबेडकरांचे उत्तर आवडो न आवडो, प्रश्न त्यांना थेट विचारला गेला होता आणि उत्तराची नोंद आहे. मॅडिसनला तो या रूपात कोणी विचारला नाही.

दुरुस्तीचे बंद दार

अमेरिकेत नागरिकांकडे किती बंदुका आहेत याचा ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेचा २०१७ चा अंदाज ३९ कोटी ३० लाखांचा होता, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० जण मेले. त्यांतले निम्म्याहून अधिक आत्महत्यांचे बळी होते, आणि ज्यांच्यावर टीव्हीवर चर्चा होतात त्या सामूहिक गोळीबारांचा वाटा यात फार थोडा. प्यू संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत बंदूकधारकांपैकी ७२ टक्क्यांनी स्वसंरक्षण हे प्रमुख कारण सांगितले. मिलिशियाचा नागरिक आता घराच्या दारात उभा आहे आणि त्याला भीती फौजेची वाटत नाही, अनोळखी माणसाची वाटते.

डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली. चार महिन्यांनी खरेदीदारांची पार्श्वभूमी अधिक व्यापकपणे तपासण्याचे विधेयक सीनेटमध्ये ५४ मते मिळूनही पडले, कारण ६० लागत होती. मे २०२२ मध्ये युव्हाल्डीच्या शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मेल्या. महिनाभरात एक माफक केंद्रीय कायदा झाला, ब्रुएनच्या निकालानंतर अवघ्या दोन दिवसांनी त्यावर सही झाली. दुसरीकडे निम्म्याहून अधिक राज्यांत आता परवान्याशिवाय पिस्तूल बाळगून फिरता येते.

निवृत्त झालेल्या स्टीव्हन्स यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सुचवले की ही दुरुस्ती रद्दच करावी. घटनेत तशी सोय आहे, ती घटनाकारांनीच केली आहे: दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि तीन चतुर्थांश राज्यांची मान्यता, म्हणजे ५० पैकी ३८. कोणतीही १३ राज्ये ती अडवू शकतात. दुरुस्ती रद्द करणे जसे अशक्यप्राय, तसेच ‘मिलिशिया’ हा शब्द काढून हक्क निःसंदिग्धपणे व्यक्तीचा करणेही अशक्यप्राय आहे. १९७१ नंतर अमेरिकेने नव्याने लिहिलेली एकही दुरुस्ती घटनेत आलेली नाही. १९९२ मध्ये आलेली सत्ताविसावी दुरुस्ती मॅडिसनने १७८९ मध्ये मांडलेली होती. मान्यता मिळायला तिला जवळजवळ दोनशे तीन वर्षे लागली.

म्हणून वाद घटना बदलण्यावर होत नाही, तिच्या अर्थावर होतो, आणि अर्थाच्या वादात घटनाकारांना साक्षीला बोलावण्यावाचून गत्यंतर नसते. ते साक्ष देतात ती खड्या फौजेबद्दल, दारूच्या कोठारांबद्दल आणि राज्यांच्या मानापमानाबद्दल. शाळेतल्या गोळीबाराबद्दल, आत्महत्यांबद्दल, घरातल्या पिस्तुलाबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर तो जिवंत अमेरिकनांना आपल्याच नावावर घ्यावा लागेल. त्यासाठी लागणारे बहुमत आज तिथल्या दोन्ही बाजूंकडे नाही.